तिसऱ्या पानावरचा कोमल स्वर

६ मे २०१९

तारीख ठरली. ७ जुलै, रविवार. निवृत्तीच्या निरोपाच्या मैफलीत शेवटी पियानोवर माझाच सोनाटा. विद्यालयात सगळे त्याला ‘बाईंचा सोनाटा’ म्हणतात. ज्याने लिहिला तो बिचारा कबरीत गप्प आहे.

एकोणचाळीस वर्षं शिकवलं. त्र्याण्णव विद्यार्थी. अकरा आज स्वतः प्राध्यापक. परीक्षक डोळे मिटून ओळखतात – तिसऱ्या पानावर तो कोमल स्वर आला की हा आनेग्रेटबाईंचा विद्यार्थी. बाकी जग तिथे शुद्ध वाजवतं. छापणाऱ्यांची चूक, आणि जग ती निमूट वाजवतं. मला लहानपणी माझ्या टेशनरबाईंनी कोमल शिकवला, मी त्र्याण्णव जणांना. प्रत्येकाच्या छापील प्रतीत माझ्या पेन्सिलीने दुरुस्ती आहे.

या वयात थोडा गर्व चालतो.

१४ मे

माल्टेचा तास. माझा शेवटचा विद्यार्थी. तिसऱ्या पानावर शुद्ध वाजवला.

“पेन्सिल दिसत नाही का?”

“दिसते, बाई. म्हणूनच बघून आलो.”

बर्लिनच्या ग्रंथालयात जाऊन मूळ हस्तलिखिताचा फोटो घेऊन आला आहे. संगीतकाराचं अक्षर. शुद्धचं चिन्ह दोनदा काढलेलं – एकदा पुसट, त्यावर पुन्हा ठळक.

“शाई संपत आली असेल,” मी म्हटलं.

“संपत आली होती, बाई. तरी त्याने टाक बुडवून पुन्हा काढलं.”

तास अर्ध्यावर सोडला. असं आजवर कधी केलं नाही.

१५ मे

भिंगाने पाहिलं. शुद्ध आहे.

२ जून

प्राध्यापकांचं दरवर्षीचं जेवण, मोसमातल्या शतावरीच्या कोंबांचं. बातमी माझ्याआधी टेबलावर पोहोचली होती. वीगांड माझ्यासमोर बसला. तीस वर्षं आमच्या वर्गांमध्ये एकच भिंत आहे.

“काय आनेग्रेट, संगीतकाराने तुला वरून पत्र पाठवलं म्हणे?”

“पाठवलं. तुझी चौकशी केली आहे. म्हणाला, हा वीगांड इतका पेडल का दाबतो?”

टेबल हसलं. तोही हसला. मग लोणी पुढे सरकवत हळूच म्हणाला, “आणि तुझी ती बक्षीस मिळालेली तबकडी? त्यावरही तोच स्वर ना?”

तोच. बक्षीस देताना खास त्या स्वराचा उल्लेख केला होता. त्या बातमीचं कात्रण फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं आहे.

शतावरी दुसऱ्यांदा वाढून घेतली. सगळी संपवली.

९ जून

टेशनरबाई चुकल्या, हे लिहितानाही हात अडतो.

आमच्या त्सिटाउ गावात या सोनाटाची छापील प्रत एकच होती – त्यांची. मी बारा वर्षांची. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सगळा सोनाटा वहीत उतरवून घेतला. वही अजून आहे. तिसऱ्या पानावर शुद्धचं चिन्ह नाही, आणि चिन्ह नसलं की तो स्वर कोमलच वाजतो. त्यांच्या प्रतीतच नसणार. म्हणजे दोष छापखान्याचा. ना त्यांचा, ना माझा.

त्यांच्या पुतणीला पत्र टाकलं – प्रत असेल तर पाठव.

२१ जून

शुद्ध वाजवायचं ठरवलं. बोटं ऐकत नाहीत. मी शुद्ध म्हणते, चौथं बोट कोमलवर जाऊन बसतं. छप्पन्न वर्षांची सवय – पायाला घराची पायरी माहीत असावी तशी.

२४ जून

बोटच बदललं. चौथ्याऐवजी तिसरं. अनोळखी बोट अनोळखी जागी निमूट जातं.

उपाय माझा आहे. कुणी शिकवलेला नाही.

७ जुलै

मंचामागे ब्रोमेल उभे. तीस वर्षं सभागृहाच्या किल्ल्या सांभाळतात. माझ्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं – तोय, तोय, तोय. मंचावर जाणाऱ्याला अशाच शुभेच्छा देतात, आणि यावर आभार मानायचे नसतात. मानले नाहीत.

सभागृह भरलेलं. माझे साठ-सत्तर तरी विद्यार्थी. तिसरं पान आलं. तिसरं बोट. शुद्ध.

किती उघडा स्वर आहे तो! खिडकी उघडल्यासारखा. त्याच्यानंतरचं पान मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

संपल्यावर गेझिना सगळ्यांत आधी आली. माझी पहिली विद्यार्थिनी, आता स्वतः ग्राट्सला शिकवते. डोळे भरलेले.

“बाई, मनाला लावून घेऊ नका. एकच तर स्वर चुकला.”

तिच्या मागून एक टक्कलवाला – माझाच, नाव आठवेना – “आमचंही होतं हो असं, बाई.”

तिसऱ्याने नुसताच हात दाबला, आजाऱ्याचा दाबतात तसा.

मी खुर्ची ओढून तिच्यावर उभी राहिले. अडुसष्ट वर्षं, उंच टाचा. ब्रोमेलनी खुर्ची धरली.

“चुकला नाही. आजवर चुकत होता. घरी गेलात की प्रती काढा आणि माझी पेन्सिल खोडा.”

कुणी हसलं नाही. माल्टे कोटांच्या रांगेपाशी उभा होता. त्याने बोटांच्या पेरांनी दारावर टकटक केलं. वर्गात व्याख्यान आवडलं की मुलं बाकावर करतात, तसं. मग गेझिनाने पियानोच्या बाकावर. मग सगळे, जिथे लाकूड मिळेल तिथे.

घरी चालत आले. ताठ. कात्रण भिंतीवरून काढलं नाही. ते खरंच मिळालं होतं.

११ जुलै

पुतणीकडून पाकीट आलं. टेशनरबाईंची प्रत. तिसऱ्या पानावर शुद्धचं चिन्ह आहे. ठळक, छापील.

शेजारी समासात त्यांची पेन्सिल, मार्च १९६३:

“आनेग्रेट इथे कोमल वाजवते. तीनदा सांगितलं. ऐकत नाही. चौथ्यांदा मला सांगवेना.”

तीनदा. मला एकदाही आठवत नाही.

म्हणजे तो स्वर मला कुणी शिकवलाच नव्हता.