सात मात्रा, एका खोलीत

बाबा, आमचा बँड आता बरा वाजतो. तुम्ही ‘बरा’ या शब्दावरही हरकत घेतली असती, पण ऐकून तर घ्या. आठवडाभर डब्लिनमध्ये सँट्रीच्या ऑफिसात कोड लिहायचा आणि शनिवारी तीन आयरिश गड्यांबरोबर कीबोर्ड वाजवायचा, हे तुमच्या मुलीचं सध्याचं आयुष्य. रॉकच, पण लांबलचक, मध्येच ताल बदलणारं. त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. तुम्ही गोंगाट म्हणाला असतात आणि दाराआडून शेवटपर्यंत ऐकलं असतंत.

आमची पहिली रेकॉर्ड कंपनी डब्लिनच्या श्रीमंत बॉल्सब्रिज भागातली, एकदम चकाचक. प्रत्येकाला वेगळ्या बंद खोलीत बसवायचे आणि हेडफोनमध्ये मात्रा मोजणारी टकटक लावून द्यायचे. माझी सात मात्रांची रचना त्यात पार गारठली. ड्रमर बिचारा मोजत राहायचा आणि दर आवर्तनात पहिल्या मात्रेवर असा हाणायचा, जणू दार तोडतोय. अल्बम निघाला तो फोडणी न घातलेल्या वरणासारखा. कंपनीने नारळ दिला आणि बँडमध्ये माझी रचना टाकून द्यायचं घाटू लागलं. मला फार लागलं ते. माझी स्वतःची अशी ती एकच होती.

मग नावन नावाच्या गावातल्या एका बाईने आम्हाला घेतलं. तिची कंपनी म्हणजे घरामागचं गॅरेज. म्हणाली, “हेडफोन्स ऑफ, लॅड्स. ऑल इन द वन रूम.” मी म्हटलं, माझी रचना एकदाच वाजवून बघू, नाही जमली तर सोडून देऊ. ड्रमर म्हणाला, “ग्रँड. बट आय ॲम नॉट काउंटिंग.” म्हणजे चालेल, पण तो मोजणार नाही.

रचनेच्या सुरुवातीला कीबोर्ड नाही, त्यामुळे माझे हात रिकामे. आणि रिकामे हात काय करणार ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता लिहिताना डोळ्यांपुढे येतंय: नागपूरची थंडी आहे, आपण स्वयंपाकघरात मटार सोलतोय आणि तुम्ही दटावताय, “तोंडाने मोजू नकोस. हाताला कळू दे.” सात मात्रांच्या रूपक तालात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी नाही, हात नुसता हवेत उलटायचा, टाळी चौथीला आणि सहावीला. गॅरेजमध्ये माझा हात मांडीवर नकळत तसाच चालू होता. समोरच्या ड्रमरला वाटलं, मी त्यालाच खूण करतेय. त्याने पहिली मात्रा मोकळी सोडली आणि चौथी-सहावी दणकावली. बेसवाला तिथेच येऊन मिळाला, गिटारही आली. बाबा, गॅरेजचा पत्रा थरथरला हो. आम्ही हसत होतो, वाजवत होतो, कोणी थांबेना.

संपल्यावर ड्रमर म्हणाला, “कुड यू नॉट हॅव डन द हँड थिंग बिफोर?” बंद दाराआड माझा हात त्याला दिसणार कुठून?

आता ती रचना नव्या अल्बममध्ये पहिलीच आहे. माझ्या लेकीला ऐकवली. तिला मराठी कळतं, बोलते मात्र इथल्या इंग्रजीत. “मम, यू साउंड लाइक यू ॲक्चुअली लाइक ईच अदर नाउ.” म्हणजे आता आमचं एकमेकांशी पटतं, असं तिला ऐकू आलं. मला इतका आनंद झाला की मी तिला दुसऱ्यांदा ऐकायला लावलं.

तुम्ही गेलात तिकडे हे पत्र टाकायला पेटी कुठली असणार? म्हणून एक सांगून टाकते, रागावू नका. आजवर कुठेही वाजवायला बसले की तुम्ही मागे उभे आहात, चूक पकडायला, असं वाटायचं. त्या दुपारी अख्खी रचना संपेपर्यंत मला तुमची आठवणच आली नाही.