तीनदा ओतायचा ड्रम

बाबा, परवा बदलापूरच्या घरी गच्चीवर निळा ड्रम आला. मे महिना आहे, कुंड्या तापतात, पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा तो लागणारच होता. आणून देणारा म्हणाला, "मॅडम, धुतलेला आहे, डायरेक्ट भरा." मी काठोकाठ भरला, दोन दिवस तसाच ठेवला आणि आज सगळं पाणी सोडून दिलं. सून माझ्याकडे बघत राहिली. अजून दोनदा ओतायचं आहे म्हटल्यावर ती खाली निघून गेली. तिला कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल, म्हणून आधी तुम्हाला लिहितेय.

अंबरनाथच्या क्वार्टरमागचा तो तुकडा तुम्हाला आठवत असेलच. उन्हाळ्यात तुम्ही आंघोळीच्या पाण्याचे वार लावले होते. मोरीचं भोक चिंधीने बुजवायचं, आंघोळ झाली की साचलेलं पाणी तांब्याने बादलीत भरायचं आणि ज्याचा वार असेल त्या झाडाला घालायचं. सोमवार मोगऱ्याचा, मंगळवार कढीपत्त्याचा. आई म्हणायची, "देवांचे वार चुकतात, यांच्या झाडांचे चुकत नाहीत." फॅक्टरीतून सुटलात की क्वार्टरच्या लाइनीतलं कुणीतरी सुकलेलं पान घेऊन दारात उभं असायचं आणि तुम्ही चहा गार करत त्याच्याशी बोलत बसायचात. आईच्या हे डोक्यात जायचं. मला मात्र तुमचा अभिमान वाटायचा, हे मी कधी बोलले नाही. मी कॉलेजात होते त्या साली, सात वर्षं नुसते काटे दाखवणाऱ्या लिंबाला पहिल्यांदा सुपारीएवढी फळं धरली होती. पहिला तोडा लाइनीत घरटी वाटायचा, असं तुम्ही सगळ्यांना सांगूनही बसला होतात.

आणि नेमकं तेव्हाच आत्याच्या दुखण्यामुळे तुम्हाला गावाला जावं लागलं. बागेचा जुना पत्र्याचा ड्रम तळातून गळत होता. बाग माझ्यावर आली. निघताना पिशवी खांद्याला लावून तुम्ही म्हणालात, "उल्हासनगरातून वापरलेला ड्रम आणशील तर तीनदा भरून ओत. दर वेळी दोन दिवस पाणी राहू दे. कंपनीत त्यात काय भरलं होतं ते डोळ्यांना दिसत नाही." मी हो म्हटलं. दुकानदार सिंधी होता, प्रेमळ होता. "बेटा, एकदम साफ है. पानी भरो, टेन्शन नको." ड्रम घरी आला त्याच दिवशी नळावर कळलं की पुढचे दोन दिवस पाणी बंद. मी ड्रम भरते. बाहेर बायका हंडे घेऊन भांडतायत. एवढं भरलेलं पाणी त्यांच्यादेखत गटारात ओतायचं मला जमत नाही. धीर होत नाही, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही येतो. पिण्याचं पाणी घागरीत वेगळं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. त्याच पाण्याच्या दोन बादल्या मी लिंबाला रोज घातल्या, फळं धरली आहेत म्हणून जरा जास्तच.

तुम्ही आलात तेव्हा पानं कडेने करपली होती आणि फळं खाली पडली होती. तुम्ही माती उकरलीत, हुंगलीत. मग ड्रमवर वाकून आत तोंड घातलंत आणि बराच वेळ तसेच राहिलात. संध्याकाळी शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "काय हो, झाडांचे डॉक्टर, घरचाच पेशंट गेला?" तुम्ही म्हणालात, "जाण्याआधी शेणखत ताजं टाकलं. माझाच हात चुकला." ते खत वर्षभर कुजवलेलं होतं. मीच पाट्या भरून दिल्या होत्या. त्या आठवड्यात तुम्ही ड्रम तीनदा भरलात आणि तीनदा ओतलात, पाण्याची एवढी मारामार असताना. मी दारातून बघत होते. तुम्ही वर बघितलं नाहीत. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. लाज पुढे बऱ्याच दिवसांनी वाटली.

त्यानंतर दारात पान घेऊन येणारे कमी झाले आणि मग थांबलेच. तुम्ही मोगऱ्याला पाणी घालत राहिलात, लिंबू पुन्हा लावलं नाहीत. एकदा कढीपत्ता खुडताना मी "बाबा, त्या वेळी" एवढं म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "फांदी ओढू नको, पानं तोड." विषय तिथेच राहिला.

कागद घडी करून बियांच्या डब्यात ठेवते. फक्त एक राहिलं. तुम्ही गेल्यावर दहा-बारा दिवसांनी लाइनीतली माणसं भेटायला आली होती. तुमच्या आठवणी निघाल्या, आणि काकूंनी ताज्या शेणखताची गोष्ट सांगितली, अगदी मायेने. सगळे हसले. बाबा, मीही हसले.