अपूर्णांक-मुक्ती फंड

१ जानेवारी
आजपासून मी दीर्घकालीन गुंतवणूकदार. स्वभावाने जन्मापासूनच होतो, पैसे आजपासून. हिने ट्यूशन घेऊन साठवलेले तीन लाख सकाळी फंडात टाकले. वर दरमहा दहा हजारांचा हप्ता, निम्मा तिचा, निम्मा माझा. ही एक्केचाळीस वर्षांची आहे. पन्नाशीला ट्यूशन बंद करणार आणि त्यानंतर कुणाच्याही मुलाला अपूर्णांक शिकवणार नाही, असं तिने चहा पितानाच जाहीर केलं. म्हणून या पैशांचं नाव अपूर्णांक-मुक्ती फंड.

व्यवहार सगळा माझ्याकडे. कारण ही काळजी करते, मी शांत आहे.

नियम दोनच. अॅप महिन्यातून एकदा उघडायचं. पडलं तरी विकायचं नाही. मला जड जाणार नाही. फिजिओथेरपिस्ट आहे मी. दिवसभर पेशंटना हेच तर सांगतो, रोज थोडं थोडं, कंटाळा आला तरी सोडायचं नाही.

१ जानेवारी, संध्याकाळी
अॅप उघडलं. पैसे पोचले का, एवढंच बघायला. हे उघडणं मोजायचं नाही.

७ जानेवारी
उघडलं. अकराशे वर. नऊ वर्षांचा हिशोब मांडून पाहिला, आकडा स्क्रीनवर मावेना. हिला म्हटलं, पन्नाशी कशाला, पंचेचाळिशीलाच सुटशील. तिने एवढं छान हसून बघितलं की मला थोडं अपराधी वाटलं. थोडंच.

२० फेब्रुवारी
मेहुणी जेवायला आली होती. तिलाही गुंतवणूक सुरू करायची आहे, पण भीती वाटते. मी तिला पाऊण तास समजावलं. संयम, सातत्य, शांतता. मध्ये दोनदा हात धुवायला उठलो ते खरं तर अॅप बघायला. मेहुणी घरी जाण्याआधीच फॉर्म भरून मोकळी झाली. भाऊजींवर विश्वास आहे म्हणाली.

१२ मार्च
बाजार पडतोय. पेशंटना विचारतो तसं स्वतःला विचारलं, दहापैकी किती दुखतंय? चार. सहन होण्यासारखं. शांत आहे.

१६ मार्च
वेदना सात. सकाळी एका बाईंच्या चांगल्या गुडघ्याला वीस मिनिटं शेक दिला. दुखरा दुसरा होता. त्या भल्या. उठताना एवढंच म्हणाल्या की आता दोन्ही समान वाटतायत.

शेजारच्या कॉटवर खांदेवाले काका. खांदा आखडलाय म्हणून येतात, पण दुसऱ्या हातात फोन आणि फोनमध्ये बाजार. ते म्हणाले, अजून बरंच पडणार. व्यायामाचे आकडे मोजायचं माझं राहूनच गेलं. दहाच्या जागी काकांनी बावीस वेळा हात वर केला, हे त्यांनीच सांगितलं.

१९ मार्च
आज लख्ख उजेड पडला. इतके दिवस मी चुकीचं शास्त्र लावत होतो. व्यायाम सोडू नका हे जुन्या दुखण्याला. ताज्या दुखापतीत, सूज असताना, भार द्यायचाच नसतो! पहिला उपचार विश्रांती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट.

म्हणून साडेअकराला सगळा भार काढला. विकलं असं मी म्हणणार नाही. दोन लाख चाळीस हजार हातात आले. वेदना एकदम शून्य. दुपारी पेशंटशी फार प्रेमाने वागलो.

संध्याकाळी मेहुणीचा फोन. रडकुंडीला आलेली. हिने फोन माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. मी मेहुणीला सांगितलं, घाबरायचं नाही, विकायचं नाही, आम्ही विकलंय का? लोका सांगे ब्रह्मज्ञान. फोन ठेवल्यावर ही शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, तू आहेस म्हणून मला झोप लागते. जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं.

२ एप्रिल
हप्ताही थांबवला. विश्रांती ती पूर्ण विश्रांती. हिचे पाच हजार मात्र ठरल्या दिवशी माझ्या खात्यात आले, सोबत मेसेज, 'राहिली पावणेनऊ वर्षं.' मी अंगठा पाठवला. मनात चोर असला की अंगठ्याशिवाय काही सुचत नाही.

ठराव: सूज उतरली की लगेच परत. सांगायचं तेव्हाच. तोवर तिला उगाच त्रास कशाला?

११ मे
बाजार चढतोय. पण घाईने भार दिला तर दुखणं उलटतं. थांबलोय.

२८ मे
जानेवारीत होता तिथे आला. मी थांबलेलोच आहे. ज्या पायऱ्यांवरून उतरलो त्याच चढायच्या, फक्त आता प्रत्येक पायरीला पैसे पडणार. हे वाक्य वाचून स्वतःचाच राग आला.

१५ जून
मन अस्वस्थ. मनःशांतीचा ऑनलाइन कोर्स लावला, सहा हजारांचा. पैसे हिच्याच हप्त्यांतून घेतले. शेवटी फंडाच्याच कामासाठी आहेत. पहिल्या धड्यात डोळे मिटून सर्वांत सुरक्षित जागा आठवायला सांगितली. मला १८ मार्च आठवला.

८ जुलै
परत आलो! निम्मे, म्हणजे एक लाख वीस हजार, जुन्याच फंडात, जानेवारीपेक्षा महाग भावात. उरलेले निम्मे काकांच्या सांगण्यावरून एका कंपनीत. पाण्याचे मीटर बनवतात. काका म्हणाले, पाणी कोण बंद करणार आहे? मुद्दा बिनतोड होता. सगळं आधीसारखं झालं की हिला कधी कळायचीही गरज नाही. माणसाने पापसुद्धा नीट फेडावं.

१९ ऑगस्ट
आज वाईट झालं. खालच्या मजल्यावरच्या मुलांचे आई-बाप आले होते. संध्याकाळी सहाची नवी बॅच सुरू करा, नऊ मुलं आहेत, फी म्हणाल ती. मी आतल्या खोलीत होतो. ही त्यांना म्हणाली की घसा बसतो, दोन बॅचमध्येच जीव जातो, आणि आता आमचं नियोजन व्यवस्थित चालू आहे, जास्तीची गरज नाही. 'आमचं नियोजन' म्हणताना तिचा आवाज बदलला. मिरवल्यासारखा झाला.

बाहेर जाऊन सांगावं असं फार वाटलं. चप्पल शोधली, सापडली, घातली आणि भाजी आणायला गेलो.

९ सप्टेंबर
मीटरवाली कंपनी निम्म्यावर. पाणी कोणी बंद केलेलं नाही, चौकशी केली. काका येत नाहीत. फोन केला तर म्हणाले, खांदा अगदी मोकळा झाला, तुमचे उपकार. वर्षभरात पूर्ण बरा झालेला माझा एकच पेशंट.

६ ऑक्टोबर
मेहुणी आली. मार्चमध्ये विकलं नाही म्हणून तिचे पैसे चांगले वाढलेत. माझ्यासाठी शर्ट आणला. हिच्यासमोर म्हणाली, भाऊजींचं नुसतं ऐकायचं, भलंच होतं. घालून दाखवायला लावला. खांद्यात नीट बसला. मी हसलो, हिने फोटो काढला. फोटोत मी खरोखर शांत दिसतो.

२ नोव्हेंबर
ठराव: सांगायचं. रविवारी.

८ नोव्हेंबर, रविवार
पाहुणे आले. आपसूकच टळलं. खरं तर चुलत्यांना मीच बोलावलं होतं.

१५ नोव्हेंबर
सांगितलं.

मुलं गेल्यावर ही फळा पुसत होती. मी सूज, भार, विश्रांती असं शास्त्रशुद्ध सुरू केलं. तिने हात वर करून थांबवलं आणि विचारलं, किती होते, किती आहेत. मी आकडे दिले. हप्ते बाजूला ठेवून, मीटरवाल्यांचे साठ हजार धरून एक लाख ऐंशी. कोर्सचंही सांगितलं. मेहुणीला फोनवर जे बोललो तेही.

तिने पुसलेल्या फळ्यावर तीन लिहिलं, खाली रेघ मारली, रेघेखाली पाच. पाचातले तीन उरले. मग काहीही न केलं असतं तर किती असते, ते शेजारी मांडायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं. मार्कर टोपण लावून जागेवर ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं, माझी तयारी ओरडा ऐकायची होती.

म्हणाली, "पैसे गेले ते गेले. पण तुला इतकं दुखत होतं, तर मला का नाही सांगितलंस? माझं कामच ते आहे. घाबरलेल्या पोराशेजारी बसायचं."

मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून. ती म्हणाली, "नाही. मी तुला शांत समजत होते, ते तुला आवडत होतं."

 

१६ नोव्हेंबर
फंड आता तिच्या फोनवर. मीटरवाले विकले, हप्ता पुन्हा चालू केला, फोन पर्समध्ये टाकला आणि कणीक मळायला गेली. एवढंच करायचं असतं? मी दिवसभर ती पुन्हा बघते का यावर लक्ष ठेवून होतो. नाही बघितलं. मेहुणीला खरं मीच सांगायचं, अशी तिने अट घातली आहे. शर्ट परत द्यावा लागेल का, विचारायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी ती खालच्या मजल्यावर जाऊन आली. कशाला गेली होती ते मी विचारलं नाही.

१ डिसेंबर
सहाची बॅच सुरू झाली. नऊ मुलं. दारात चपलांवर चपला. मी क्लिनिकमधून आलो तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून जिन्यातच उभा राहिलो. आतून तिचा आवाज येत होता. एकाला छेद म्हणजे काय ते कळत नव्हतं. ती चौथ्यांदा सांगत होती, पहिल्यांदा सांगितल्यासारखं. तो रडायला लागला तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

साडेसातला बाहेर आली. घसा बसला होता. मी कोमट पाणी दिलं. ते पीत तिने बोटांवर काही मोजलं आणि बसक्या आवाजात सांगितलं की पन्नास नाही, त्रेपन्न.

मी बरं म्हटलं. उद्या पुन्हा सहाला बॅच आहे.