'लावा' म्हणजे नेमके काय लावा

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण पंधरा दिवस प्रशिक्षणाच्या खुर्चीत बसून पाठ अशी धरली आहे की कागदावरसुद्धा वाकवत नाही. (प्रशिक्षण माणसाला सोयीची यंत्रे कशी बनवावीत याचे होते. खुर्च्यांचा विषय शेवटच्या दिवशी घेतला.) तुझा गुडघा कसा आहे? जिने कमी चढ. मी ठीक आहे, म्हणजे जेवते, झोपते आणि वेळेवर कामावर जाते. याहून जास्त म्हणवत नाही.

आमच्या रुग्णालयाच्या तळघरात शस्त्रक्रियेची उपकरणे वाफेवर निर्जंतुक करणारे एक मोठे यंत्र आहे. त्याचे जुने पॅनेल जळले आणि नवे बनवायचे काम माझ्याकडे आले. चार महिने त्यात गेले. इंग्रजी शब्दांनी खालची माणसे अडतात, म्हणून सगळी बटणे मराठीत केली, आणि खोटे कशाला बोलू, त्याचा मला थोडा गर्वही होता. यंत्राचे दार जड, मोटारीवर सरकणारे. त्याच्या बटणावर लिहिले 'लावा'. दार नीट लागले की शेजारचे 'सुरू' हे बटण हिरवे उजळते; म्हणजे आता हे दाबा, वाफ सुरू होईल. जुन्या पॅनेलला वाफ सुरू झाली की वाजणारी घंटा होती, ती मी काढून टाकली. (मला आवाज आवडत नाहीत.) मग स्वतः साठ वेळा चालवून पाहिले. साठही वेळा बरोबर चालले.

त्या यंत्रावर ज्या असतात त्यांना सगळे काकू म्हणतात. सव्वीस वर्षे तळघरात, निवृत्तीला चौदा महिने. काकूंनी उपकरणांची गाठोडी आत ठेवली, 'लावा' दाबले, दार लागले, 'सुरू' उजळले, आणि त्या निवांत पुढच्या कापडांच्या घड्या घालायला बसल्या. चाळीस मिनिटांनी गाठोडी काढली. यंत्राच्या भिंती कायम गरम असतात, त्यामुळे ती ऊनऊन निघाली आणि वर शस्त्रक्रियेच्या खोलीत गेली. तिथल्या सिस्टरांनी गाठोडे सोडले तर आतली पट्टी पांढरीच. (वाफ लागली की ती काळी होते.) रुग्णाला काही झाले नाही, शस्त्रक्रिया दोन तास लांबली इतकेच. पण चौकशी लागली.

मी खाली गेले तेव्हा काकू रडत वगैरे नव्हत्या. माझ्यावरच उखडल्या. "पोरी, तू लिहिलंस 'लावा'. आपण पंखा लावतो, गॅस लावतो, कुकर लावतो. मी लावलं. मग 'सुरू' असं उजळलं, तेही हिरवं. आता आणखी काय करायचं होतं? यंत्राला विचारायचं, की बाबा रे, नक्की ना?" मी म्हटले, ते दार लावायचे बटण आहे. "मग 'दार' लिही ना!" जागा नव्हती, काकू. "दोन अक्षरांना जागा नव्हती?" (मी नंतर मोजली. अकरा मिलिमीटर होती.)

साहेबांनी यावर दोन उपाय काढले. पहिला, पॅनेलवर सूचनांचे कागद चिकटवणे. सध्या तिथे चार कागद आहेत आणि त्यातल्या एकाखाली 'सुरू'चा दिवा झाकला गेला आहे. दुसरा, मला पंधरा दिवस प्रशिक्षणाला पाठवणे.

आत्या, न शिकते तर सुखी राहिले असते. तिथले मास्तर किरकोळ देहाचे, हळू बोलणारे, पण एकेक वाक्य असे टाकायचे की वर्गातला एक तरी माणूस खाली बघायचा. माणूस चुकणारच, हे धरून चाला. चुकला तर आधी यंत्राकडे बघा. आणि जे स्वतः बनवले ते स्वतः चालवून पाहणे ही चाचणी नव्हे, आरशात बघणे आहे. (इथे मी खाली बघितले.) उंची, हात, नजर यांची मापे घेण्याचा धडा होता, म्हणून सुट्टीच्या दिवशी येऊन आमच्या छत्तीस कर्मचारी बायकांची मापे घेतली. माझे पॅनेल सरासरी बाईसाठी होते. छत्तिसांत तशी एकही सापडली नाही. परतल्यावर पाच जणांना काही न सांगता यंत्र चालवायला दिले. चौघे 'लावा' दाबून हात बांधून उभे राहिले. त्यात साहेब होते. पाचवा बरोबर चालवून गेला, पण यंत्राचे तारकाम त्यानेच केले आहे.

एवढे झाल्यावर साहेबांना वाटावे की दोष शब्दाचा आहे, तर ते म्हणाले, "मी घाईत होतो. तू चौकशीचा फॉर्म भरून टाक."

हा फॉर्म संगणकावर आहे. त्यात एक रकाना: चूक कोणाची, एकच नाव. रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नाही. मी 'लावा' असे टाइप करून पाहिले. उत्तर आले, 'या नावाचा कर्मचारी नाही.' म्हणजे उरलो दोघी. काकूंचे नाव लिहिले तर त्यांना चौदा महिने आधी घरी पाठवतील आणि निवृत्तिवेतनही कापतील. माझे लिहिले तर या महिनाअखेर मला कायम करायचे आहे, ते करणार नाहीत. कर्मचारी वसतिगृहातली खोलीही जाईल. मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, नाव विचारणारा फॉर्मच चुकीचा आहे. बरोबर आहे, पण तो भरायचा मलाच आहे. काय करावे ते सुचत नाही. सुचले की कळवीन.

तुझी,
भाची

ता. क. १ : तू एकतीस वर्षे मराठी शिकवलेस. दार लागेल आणि दुसरे काहीही लागणार नाही, असा एखादा शब्द असला तर पाठव. अकरा मिलिमीटरमध्ये बसला पाहिजे.

ता. क. २ : वर 'सुचत नाही' लिहिले ते खरे नाही. फॉर्म मी सकाळी अकरालाच भरला, माझ्या नावाने. पत्र लिहायचे खरे कारण असे की तुझी मागची खोली एक तारखेपासून मिळेल का? बाबांना तू सांगू नकोस, मी सांगेन.

ता. क. ३ : पाकीट बंद करत होते, तेवढ्यात काकू वर आल्या. "वेडी आहेस का? माझं झालंय सगळं करून, तुझं अजून व्हायचंय," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी फॉर्म उघडून पाहिला. त्यात आता काकूंचे नाव आहे; जो शेवटी भरेल त्याचे तो धरतो. आयुष्यात पहिल्यांदा संगणकाला हात लावला त्यांनी, कोणाला न विचारता, आणि पहिल्याच फटक्यात बिनचूक भरला. फॉर्म सहाला कायमचा बंद होतो. आता पावणेसहा झालेत; माझे नाव परत घातले आहे आणि सहापर्यंत काकूंना संगणकापासून लांब ठेवायला मी खाली चालले आहे. खोलीचे लगेच कळव.