राखेत गिरवलेलं नाव

अल हिलाल, दोहा
बुधवार, १० मार्च १९८२

प्रिय फुलाअक्का,

पत्र दुधाच्या पावडरीच्या डब्यातून निघालं म्हणून घाबरू नका. सगळे खुशाल आहेत. पोस्टानं पाठवलं असतं तर नेहमीसारखं मास्तरांनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं असतं आणि आत्याबाईंपासून शेजारच्या हौसाबाईपर्यंत सगळ्यांच्या कानावर गेलं असतं. हे फक्त तुमच्यासाठी आहे. डबा तुम्हीच उघडणार हे मला ठाऊक आहे, कारण उलथन्याचं टोक घालून ते झाकण काढायची युक्ती त्या घरात तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही. म्हणून झाकणाच्या आतून चिकटवलंय. डबा नेणाऱ्या केरबाला यातलं काही माहीत नाही. तो उद्याच्या विमानानं रजेवर निघालाय, रविवारपर्यंत गावात येईल. गोठ्यात जाऊन वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. एखादा शब्द अडला तर सोडून पुढे जा, मग परत मागे या, पण कुणाला विचारू नका.

हे रुवैसच्या बंदरावर गेलेत, तिथल्या बोटींचं वेल्डिंगचं काम आहे. उद्या संध्याकाळी येतील. म्हणून आजच लिहून टाकायचंय. सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा आमचा गुरू पडला म्हणून, एकदा पाण्याचा टँकर आला म्हणून, आणि एकदा नुसतीच. कालपासून वारा सुटलाय, दारं-खिडक्या लावूनसुद्धा ताटात वाळू येते. पोळ्या दातांखाली करकरतात. चार वर्षं झाली तरी मला ह्या वाऱ्याची सवय होत नाही. शेजारची सुरय्या म्हणते, तू घरात अशी फेऱ्या मारतेस की खालच्या मजल्यावर कळतं. सुरय्या रत्नागिरीकडची, आमचं दोघींचं मराठी एकमेकींना अर्धंच कळतं, पण जीव लावते. तिचा नवरा युसुफ ह्यांच्याच वर्कशॉपात आहे.

गुरू दीड वर्षाचा झाला. चालतो, पळतो, सुरय्याच्या पोरांच्या नादानं यल्ला यल्ला म्हणतो, म्हणजे इथल्या भाषेत चला चला. परवा पहिल्यांदा त्यानं मला स्पष्ट आई म्हणून हाक मारली. अक्का, मी दचकून मागे बघितलं. दुसऱ्याच कुणाला हाक मारली असं वाटलं. मग लक्षात आलं की खोलीत मीच आहे. त्या दिवशी भाजी करपली आणि मी जेवले नाही.

तुम्हाला कळलं असेलच मी कुठं चाललेय ते. तुम्ही नेहमी माझ्या आधी ओळखता. वैजूचंच बोलायचंय.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा तुमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. धाकटी सून सातवी पास आणली म्हणून आत्याबाई सगळीकडे सांगत सुटायच्या आणि तुम्ही चुलीपुढं गप्प बसायच्या. मला वाटायचं थोरल्या जावेला माझा राग येतो. मग एक दिवस तुम्ही चुलीतली राख ओढून सारवलेल्या जमिनीवर पसरलीत आणि म्हणालात, माझं नाव कसं काढतात ते दाखव. मी काढलं. तुम्ही बोट धरून गिरवलंत. आत्याबाईंची पावलं वाजली की तळहातानं पुसून टाकायचं. दोन वर्षांत तुम्ही वाचायला लागलात. स्टँडवर एसटीची पाटी वाचून तुम्ही मला कोपरानं ढोसलं होतं, आठवतं? कुणाला सांगू नको, पोरबाळ नाही आणि आता अक्षरं शिकायला निघाली म्हणून हसतील, असं तुम्ही म्हणालात. मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा नाही.

मग वैजू झाली. तिची आंघोळ, तीट, काजळ, सगळं तुमच्या हातचं. मी नुसती पाजायला. सव्वा वर्षाची झाली आणि ह्यांना इथं फोरमन केलं, राहायला जागा मिळाली, माझा व्हिसा आला, आणि नेमका निघायच्या आठवड्यात तिला गोवर आला. डॉक्टर म्हणाले, विमानानं न्यायचं नाही. व्हिसाची तारीख तर संपत आली होती. आत्याबाईंनी तुम्हाला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, नारळ-तांदळानं ओटी भरली आणि मला सांगितलं, पोरगी तिच्या ओटीत घाल. मी घातली. सहा महिन्यांत नेतो म्हणाले होते हे. मी बाहेर सगळ्यांना तेच सांगितलं, सांभाळायला ठेवलीय. पण ओटीत घातलेलं परत मागत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी खाली मान घालून तांदळाचे दाणे वेचत बसले.

आज एक कबूल करते. मला यायचं होतं. गोठा, चूल, आत्याबाईंची बोलणी, सगळ्यातून सुटायचं होतं. विमान वर गेलं तेव्हा मी रडले, पण सुटलेसुद्धा वाटलं. एकवीस वर्षांची होते. तेव्हा तुम्हाला मूल नाही म्हणून भाऊजींसाठी दुसरी बायको बघायचं चाललं होतं हेही मला माहीत होतं. वैजू तुमच्या मांडीवर आल्यावर ती भाषा बंद झाली. मी मनाशी म्हणायची, बघ, तुझ्या जाण्यानं अक्काचं घर राहिलं. स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला माणूस काय काय शोधून काढतं.

दोन वर्षांपूर्वी रजेवर आले तेव्हाचं तुम्ही विसरला नसाल. मी आणलेला निळा फ्रॉक वैजूनं घातला नाही. माझ्याजवळ झोपली नाही. तुम्ही पाणी आणायला गेलात तर दारात बसून राहिली. मी तुम्हाला भलतंच बोलले, पोर स्वतःला लावून घेतलीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला माझ्याकडे ढकलून तुम्ही मुद्दाम शेतावर गेलात आणि दिवसभर आला नाहीत. ती रडून रडून निळी पडली. शेवटी मीच तिला उचलून बांधावर तुमच्याकडे आणून दिली. बोलले त्याची माफी तेव्हा मागायला हवी होती. आज मागते.

केरबानं मागच्या खेपेला तुमची कॅसेट आणली. वैजू बडबडगीत म्हणते, मग तिला कुणीतरी सांगतं की दोहाच्या काकीशी बोल. काकी, तू बरी आहेस का, असं ती विचारते. मग मागे कोंबड्या ओरडतात, ती पळत जाते आणि लांबून आई म्हणून हाक मारते. तुम्ही म्हणता, आले गं बाई. एवढीच ती कॅसेट. मी ती इतक्यांदा लावली की तुमच्या 'आले गं' पाशी फीत घासली गेलीय. हे म्हणाले, फेकून दे. मी पिठाच्या डब्यात लपवून ठेवलीय.

आता घडलं काय ते ऐका. जूनपासून वैजूला इथल्या शाळेत घालायचं असं ह्यांनी ठरवलं. तिचं नाव माझ्या पासपोर्टावर चढवायला जन्माचा दाखला लागतो. तो ग्रामपंचायतीतून मागवला. तुम्हाला आठवत असेल, वैजू घरीच झाली आणि नोंद करायची राहून गेली. मागच्या वर्षी भाऊजींनी तिला शाळेत घातलं तेव्हा सोपं म्हणून आपलंच नाव लावलं आणि त्यावरूनच पुढे दाखला तयार झाला. दाखल्यावर बापाचं नाव शहाजी, आईचं नाव फुलाबाई. हे चिडून वर्कशॉपात निघून गेले. मी मात्र तो कागद हातात धरून बराच वेळ उभी राहिले. वाटलं, लिहिणाऱ्यानं जे डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं. आणि लगेच वाटलं, नाही, मी नऊ महिने वाढवली, माझी आहे ती. दोन्ही खरं वाटतं, आणि त्यानं डोकं फिरायची वेळ आलीय. भांडी घासता घासता वाटतं आत्ताच विमानात बसावं. भांडी विसळून होईतो वाटतं, तिला तुमच्यापासून तोडून आणली तर ती इथं बंद खिडकीशी बसून कुणाची वाट बघेल?

पण मला ती हवी आहे. हे मी झाकत नाही. गुरूला न्हाऊ घालताना माझे हात तिला शोधतात. तिच्या बोबड्या बोलांचं, शाळेच्या पहिल्या दिवसाचं मला काही माहीत नाही. आता पाच वर्षांची झाली. अजून दोन वर्षं गेली तर ती मला कायमची काकीच म्हणेल. आणि ती इकडे आली की तुमच्या घरात दुसऱ्या बायकोचा विषय पुन्हा निघेल, हेही मला दिसतं. न दिसल्यासारखं करता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते. दाखला दुरुस्त करायला तुमचं आणि भाऊजींचं लेखी लागतं. ह्यांनी ते युसुफच्या ओळखीच्या टायपिस्टाकडून करून घेतलं आणि सोमवारी रजिस्टरनं भाऊजींना पाठवलं. आठ-दहा दिवसांत मिळेल. त्यावर लिहिलंय, सदर मुलगी माझी नाही, मी तिची आई नाही, तिच्यावर माझा काही हक्क नाही. सोबतच्या पत्रात ह्यांनी भाऊजींना कळवलंय की तुम्हाला काही सांगू नये, विहिरीवरच्या मोटारीच्या विजेचा कागद आहे म्हणावं आणि अंगठा उठवून घ्यावा, म्हणजे रडारड नको. हे वाईट नाहीत, अक्का, त्यांना वाटतं असं केलं तर तुम्हाला कमी दुखेल. पाकीट मीच चिकटवलं. अक्का, अंगठा देऊ नका. शाई पुढे केली की हात पदराखाली घ्या आणि म्हणा, आधी वाचते. सगळे बघत राहतील, राहू देत. वाचा, आणि मग सही करायची तर करा, राखेत गिरवायच्या तशी, पूर्ण नावानं. नाही केलीत तर मी इथं रडेन, तुम्हाला बोलही लावीन, ते माझं मी बघेन. आणि केलीत, तर अजून एक मागते. मी तिची आई आहे हे वैजूला तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाचं ती खरं मानणार नाही.

तुमचीच, राख पुसायला शेजारी बसलेली,
मालन