चूक पकडा

६ जानेवारी, सोमवार

वसतिगृहाच्या व्हरांड्यात ताई आणि मी आंघोळीच्या गरम पाण्यासाठी रांगेत उभ्या असायचो. मी आठ वर्षांची, ती अकराची. हातात बादली, खांद्यावर टॉवेल. पाणी तापायला वेळ लागायचा. मग ताई तिच्या मोज्यांचा गोळा करून माझ्याकडे टाकायची, मी परत तिच्याकडे. तोंडातून अवाक्षर नाही — सकाळच्या प्रार्थनेआधी बोललं तर सिस्टर नाव लिहून घ्यायच्या. नुसता गोळा इकडून तिकडे. बोटं गारठलेली, तरी एकदाही खाली पडू द्यायचो नाही. फरशी ओली असायची आणि तेच मोजे दिवसभर पायात घालायचे होते!

हे आज का आठवलं ते मला ठाऊक आहे.

आज खेळाच्या तासाला तिसरीच्या वर्गाला भिंतीवरच्या वर्तुळात चेंडू मारून दाखवत होते. हात वर गेला, खांदा फिरला, आणि बोटं वेळेवर उघडलीच नाहीत. चेंडू माझ्याच पायाशी आपटला. सगळा वर्ग एका सुरात ओरडला — "चूक! उशिरा सोडला!"

मी हसले. म्हटलं, "शाबास. बरोबर पकडलीत."

मी मुद्दाम चुकले नव्हते.

९ जानेवारी, गुरुवार

हा खेळ माझाच. मुलांना फेक बरोबर करून दाखवली की ती बघतात आणि विसरतात. चुकीची करून दाखवली की त्यांचे डोळे चमकतात. बाई चुकल्या! म्हणून मी मुद्दाम चुकते. कधी चुकीचा पाय पुढे टाकते, कधी कोपर पाडते, कधी भलतीकडेच बघते. त्यांनी चूक पकडायची, नाव सांगायचं आणि मग स्वतः बरोबर करून दाखवायचं. "चूक पकडा" म्हटलं की मागच्या रांगेतली पेंगणारी पोरंसुद्धा ताठ बसतात. तेवीस वर्षं हे चाललंय.

आता त्याच खेळाच्या पदराखाली मी लपतेय. आज दोनदा चुकले. दोन्ही खऱ्या. दोन्ही वेळा शाबासकी देऊन मोकळी झाले.

१३ जानेवारी, सोमवार

मुंगीबद्दल लिहायचं राहूनच जातं. तिसरीतली सर्वांत लहान मुलगी. हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलं आणि शाळेतही तेच चिकटलं. चेंडू आला की ती डोळे घट्ट मिटते, हनुवटी छातीत खुपसते आणि हात असे पुढे करते की जणू कुणी दार तिच्या अंगावर लोटतंय. वर्ग हसतो. घरीही हसत असावेत.

जूनपासून मी तिच्यामागे लागलेय. आधी पातळ रुमाल उडवायचा, तो इतका सावकाश खाली येतो की त्याला घाबरायला वेळच मिळत नाही. मग फुगा. मग स्पंजचा चेंडू. आज तिने स्पंजचा सात वेळा झेलला, त्यात चार वेळा डोळे उघडे! आता लहान रबरी चेंडू.

तो हातात घेऊन तिने दाबून पाहिला. म्हणाली, "हा लागतो."

मी म्हटलं, "माझा चेंडू तुला कधीच लागणार नाही. तो थेट तुझ्या हातात येणार. तू फक्त बघत राहा."

"चूक पकडा खेळताना पण?"

"तेव्हापण. तुझ्याकडे टाकताना मी कधीच चुकणार नाही."

तिने मान डोलावली. तिच्या बाजूने व्यवहार पुरा झाला.

१६ जानेवारी, गुरुवार

ह्यांनी आज विचारलं, "चहा हल्ली अर्धा बशीत का आणतेस?" मी म्हटलं, "कप भरून ओतते म्हणून. तुमची हाव माहीत आहे ना मला." हे हसले. मीपण.

२१ जानेवारी, मंगळवार

माझ्या हातून मुंगीला लागलं.

नीट लिहायला हवं. पाच पावलांचं अंतर. रबरी चेंडू. खालून, हळू टाकायचा होता. मी म्हटलं, "बघ माझ्याकडे," आणि ती बघत राहिली. हात मागे नेला, पुढे आणला. बोटं अडकली. सुटायला हवा होता त्याच्या फार पुढे जाऊन चेंडू सुटला आणि झटक्याने, सरळ तिच्या तोंडावर गेला.

तिचे डोळे उघडे होते. शेवटपर्यंत. मी पाहिलं. दोन्ही डोळे चेंडूवर. हातही बरोबर जागी, पोटासमोर, जिथे मी सांगितलं होतं तिथे. चेंडूच तिथे आला नाही.

आणि मागून सगळा वर्ग आनंदाने ओरडला — "चूक! उशिरा सोडला!"

मग रक्त दिसलं. वरचा ओठ फाटला होता. दवाखान्यात दोन टाके घातले. मी तिचा हात धरून होते, माझ्या डाव्या हाताने. उजवा ओच्यात लपवला होता.

२२ जानेवारी, बुधवार

मोठ्या बाईंनी — आमच्या मुख्याध्यापिकांनी — अपघातांची वही काढली. घाईत होत्या. म्हणाल्या, "काय झालं? ती डोळे मिटते ना? तुम्हीच सांगत असता नेहमी."

मी म्हटलं, "हो."

एवढंच म्हटलं. ती डोळे मिटते, यात खोटं काय? मिटायचीच. त्यांनी लिहिलं, "चेंडू येताना विद्यार्थिनीने डोळे मिटल्याने तो तोंडावर लागला." वही माझ्याकडे फिरवली. मी सही केली. अक्षरं बारीक होत होत शेवटी मुंग्यांसारखी झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "घाबरलात तुम्ही. होतं असं."

शाळेत सिस्टरांनी आम्हाला वळणदार अक्षर शिकवलं. त्याहून जास्त काय शिकवलं होतं ते आज आठवायचं नाही असं ठरवलंय.

२४ जानेवारी, शुक्रवार

मुंगीची आई आली होती. भांडायला आली असणार असं धरून मी जिन्यातच उत्तरांचं पाठांतर केलं. ती कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करते, गळ्यात मापाची टेप तशीच होती.

तिने माझीच माफी मागितली!

"तुम्ही एवढी मेहनत घेता बाई, आणि ही बया ऐन वेळी डोळे मिटते. आम्ही घरी तिला चांगली फैलावर घेतली. तिचा काका तर तिला आंधळी कोशिंबीर म्हणतो आता."

मी विचारलं, "ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? आधी म्हणाली, मी बघत होते. मग तिला वहीत काय लिहिलंय ते सांगितलं. तेव्हा म्हणाली, बाई माझ्याकडे टाकताना चुकत नाहीत, म्हणजे माझेच मिटले असतील."

मी त्या बाईंना पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

२७ जानेवारी, सोमवार

मुंगी शाळेत आली. ओठ सुजलेला. मैदानावर भिंतीला टेकून बसली. रुमाल उडवू का विचारलं तर नको म्हणून मान हलवली.

मधल्या सुट्टीत नळांपाशी गर्दी दिसली म्हणून गेले. मुंगी तोंड वर करून नळाखाली वाकली होती. दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या ताणून धरलेल्या आणि पाणी थेट डोळ्यांत. बाकीच्या पोरी मोजत होत्या. अकरा, बारा, तेरा.

ओढून बाजूला केलं. ओरडले. "हे काय चालवलंयस?"

ती डोळे पुसत म्हणाली, "सराव. पाणी आलं तरी मिटायचे नाहीत."

२८ जानेवारी, मंगळवार

काही लिहवत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. साठी ओलांडलीय, पण दोन जिने चढून आली आणि धापही लागली नाही. माझं मात्र ब्लाउजचं वरचं बटण लागत नव्हतं. मी खिडकीकडे तोंड करून खटपट करत होते. ती मागून आली, बटण लावलं आणि माझा उजवा हात उचलून आपल्या तळहातावर ठेवला. तो तिथे थरथरत राहिला. पाखरू धरल्यासारखा.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. थकव्याने होतं."

"तू लहानपणापासून अशीच. पडलीस की आधी गुडघा नाही बघायचीस, कोणी पाहिलं का ते बघायचीस."

मग मी तिला मुंगीचं सगळं सांगितलं. वहीचंही. ताई समजूत घालेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "आणि ती पोर अजून नळाखाली उभी राहते?"

हे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. चहाचं त्यांना केव्हाच कळलं होतं म्हणे, मी सांगायची वाट बघत होते. दोघंही काय शहाणे!

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी मला अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली. मग मूठ उघड-मीट. मग टाच आणि चवडा आपटा. मग सरळ चाला, वळा, परत या. आयुष्यभर मी पोरांना हेच करायला लावत आले आणि कागदावर खुणा करत आले. आज खुणा माझ्या कागदावर होत होत्या. वळताना मी पाच पावलं घेतली. दोन पुरतात. मीच शिकवते.

कंपवात. गोळ्या सुरू होतील, बरीच वर्षं नीट जातील, असं म्हणाले. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चल, बसून काहीतरी खाऊ." मी म्हटलं, मला आधी शाळेत जायचंय. ते म्हणाले, "शाळा बंद झालीय गं, सहा वाजले."

५ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या बाईंना सांगितलं. हात टेबलावर ठेवून दाखवला. त्यांना खरंच वाईट वाटलं, डोळे भरून आले. मेअखेर माझी निवृत्ती. म्हणाल्या, "चार महिन्यांचा तर प्रश्न. वर्ग चित्रकलेच्या बाई घेतील, तुम्ही खुर्ची टाकून बाजूला बसा. तुमचा निरोप थाटात करायचाय आम्हाला."

मी म्हटलं, "आणि वहीतली नोंद?"

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती उघडू नका. चौकशी लागेल. हात नीट नसताना तुम्ही वर्गावर उभ्या राहिलात, असं होईल. निरोप राहील बाजूला, तुमची सगळी वर्षं त्या एका ओळीत जातील. आणि पोरीचा ओठ तर बराही झाला."

"ओठ झाला," मी म्हटलं.

"विचार करा," त्या म्हणाल्या. वाईट नाहीत त्या. त्यांच्या जागी मीही हेच बोलले असते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरीला मैदानावर गोल बसवलं. चेंडू काढले नाहीत. म्हटलं, आज शेवटचा चूक पकडा. उजवा हात पुढे धरला. सगळे बघत राहिले.

मी सांगितलं की हा हात आजारी आहे, पावसाळ्यापासून. की बऱ्याच चुका मी मुद्दाम केल्या नव्हत्या, आणि तुम्ही पकडल्यात तेव्हा मी खोटं हसले.

एकाने विचारलं, "खऱ्या किती होत्या?" मी म्हटलं, मोजल्या नाहीत. त्याला ते पटलं नाही.

मग मुंगीकडे वळले. गुडघ्यावर बसले, तेवढं अजून जमतं. सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या दिवशी तुझे डोळे उघडे होते. मी पाहिलं. तुझे हातही बरोबर होते. चेंडू माझ्याकडून उशिरा सुटला. वहीत लिहिलंय ते खोटं आहे, आणि त्याखाली माझी सही आहे."

ती जिभेने ओठावरचा व्रण चाचपत होती.

"म्हणजे मी बरोबर केलं होतं?"

"अगदी बरोबर."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

वर्गातल्या कुणीच काही ओरडलं नाही. भीती वाटली, असं म्हटलं. तिने ते ऐकून घेतलं. पण माझ्याजवळ आली नाही, आणि घंटा झाल्यावर मागे न बघता गेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी वही मागून घेतली आणि जुन्या नोंदीखाली खरं काय ते लिहिलं. पाव तास लागला. शेजारी राजीनामा ठेवला, आजपासूनचा. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. निरोप वगैरे आता काही नाही.

घरी आल्यावर ह्यांना सांगून ठेवलं, विसरतात म्हणून इथेही लिहिते. शिट्टी आणि कपाटाची किल्ली चित्रकलेच्या बाईंना द्यायची, त्या सोमवारपासून वर्ग घेणार. माझे बूट चांगले आहेत, शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींचं माप तेच आहे, त्यांना. पाठांच्या वह्या ताईने नेल्या तर नेऊ द्याव्या, नाहीतर रद्दीत घालाव्या. मोठ्या बाईंना काही नको, त्यांना फक्त माझ्यावर रागावू द्यावं.

नव्या नोंदीची प्रत मुंगीच्या आईला. आजच, दुकान बंद व्हायच्या आत. आणि तिला सांगायचं की ही प्रत घरी वाचून दाखव, काका घरात असताना, मोठ्याने.