सासरचं आडनाव

मंगळवार, ता. ९

चि. बंड्यास आईचे आशीर्वाद.

तू पाठवलेलं पार्सल काल पोचलं. कीबोर्ड एक, माउस एक, बाबांना पायमोजे दोन जोड. टपालखर्च तू पुरता भरला नव्हतास, दारात चाळीस द्यावे लागले. असो. देवाच्या दयेने आम्ही दोघं बरी आहोत. बाबांचा गुडघा तसाच, जीभही तशीच.

आपला जुना ब्राउझर या म्हाताऱ्या संगणकाला झेपेना. दुकानदार म्हणाला, "काकू, आता नवा संगणक घ्या." म्हटलं, "मग काकांना मोडीत काढू का?" हसत हसत त्याने दुसरा, हलका ब्राउझर घालून दिला. चालतो झकास, पण अक्षरं मोठी करायला आणि जाहिराती लपवायला तू लिहून दिलेली ती स्क्रिप्ट त्यात चालेना. माझ्या रोजच्या स्तोत्राची अक्षरं मुंगीएवढी झाली, वर जाहिरातींचा नुसता गोंगाट.

तुला फोन केला तर एकदम म्हणालास, "आई, तो ब्राउझर आधी काढ. माझ्या स्क्रिप्टशिवाय काही उघडूच नकोस." मला वाटलं, लेकाला माझ्या डोळ्यांची काळजी.

दुसऱ्या दिवशी नातेवाइकांचे फोटो येतात ते पान उघडलं. तुझ्या सासूबाईंनी फोटो टाकले होते. दारावर तुझ्या नावाची पाटी. "लेकीच्या घराला वर्ष झालं," असं खाली लिहिलेलं. स्वयंपाकघरात त्या, खुर्चीत तुझे सासरे पाय पसरून. आणि परवाच्या रविवारी तू म्हणालास, "भाड्याची जागा अडचणीची आहे गं, एवढ्यात येऊ नका."

तरी मन म्हणालं, सांगायचं राहिलं असेल.

अक्षरांसाठी स्क्रिप्ट तर हवीच होती. नुसती मॅट्रिक झाले म्हणून काय झालं, वाचून वाचून जमवलं. या ब्राउझरला आधी स्क्रिप्टा चालवणारं एक्स्टेंशन घालायचं, मग त्यात स्क्रिप्ट चिकटवायची. म्हणून तुझ्या स्क्रिप्टची फाइल पहिल्यांदा उघडली. ज्यात दिसतील ते सगळं माझ्यापासून लपवायचं, असे शब्द तू एका ओळीत लिहिलेत: सेल, लॉटरी, कर्ज, आणि त्यांच्या शेजारी तुझ्या सासरचं आडनाव.

बाबांना दाखवलं. म्हणाले, "पोरगं हुशार निघालं हो. घरात राहायला जायच्या आधी भिंत बांधली."

मी येऊन काय केलं असतं रे? पडद्यांचा भाव विचारला असता. देव कुठल्या कोपऱ्यात मांडलेत, ते पाहिलं असतं. एवढ्यासाठी आईच्या डोळ्यांवर पट्टी? तीही तिच्या डोळ्यांच्या सोयीच्या नावाखाली?

स्क्रिप्ट आता चालते. अक्षरं टपोरी झाली, जाहिराती गेल्या, तुझं घरही गेलं. ते आडनाव मी तसंच राहू दिलंय. पुसायला येतं मला, एका बोटाचं काम. पण लिहिलंस तू, तेव्हा पुसायचं की ठेवायचं तेही तूच सांग. फोन करू नकोस, फोनवर तुला खोटं फार चटकन सुचतं. स्वतःच्या हाताने लिहून उलट टपाली कळव.

तुझी,
अजून तरी,
आई